तुळशीची मागची बाजू

१

चित्रं सगळी जागच्या जागी होती. वृंदावन, हत्ती, रथ, मोर, पाळणा. बोटाच्या पेराएवढी चित्रं, संगणकाच्या पडद्यावर ओळीनं मांडलेली. नाहीशी झाली होती ती त्यांच्या शेजारची एक फाइल, चार-सहा ओळींची. आणि तेवढ्यापायी योगिता भागाक्कांच्या पायरीवर बसून सकाळपासून डोळे पुसत होती.

भागाक्का म्हणजे धारवाडच्या ॲडव्होकेट चंद्रभागा मुतालिक. सुभाष रोडवर कापडाच्या दुकानावर माडी, माडीवर त्यांची कचेरी. पण कचेरीतल्या खुर्चीला त्यांचा सहवास कमीच. बाईंना बसवत नसे. बोलताना चालायच्या, ऐकताना चालायच्या, न्यायाधीशांनी 'बसा' म्हटलं तर टेबलाखाली पाय हलवत राहायच्या. योगिता त्यांच्या घरी मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. अळणावरजवळच्या खेड्यातली पोर, घराण्यात पहिल्यांदाच कुणीतरी पंख्याखाली बसून काम करत होतं.

"रडून झालं असेल तर पहिल्यापासून सांग," अंगणात येरझाऱ्या घालत भागाक्का म्हणाल्या. "मला संगणकातलं काही कळत नाही असं समजून सांग. म्हणजे, खरंच कळत नाही."

"आमच्या कंपनीचं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे की नाही अक्का, त्याच्या बटणांवर ती चित्रं आहेत. मोर दाबला की पुस्तक शोधायचं, रथ दाबला की पुस्तक घरी द्यायचं, पाळणा म्हणजे नवा सभासद. चित्रं आमच्या मंजुनाथनं नेटवरून घेतलेली. 'तुळस' नावाचा संच. फुकट होता."

"फुकट म्हणजे बेवारशी?"

"नाही ओ! तसं नाही. संचाबरोबर परवान्याची फाइल असते. वापरा, बदला, दुसऱ्याला द्या, कुणी अडवणार नाही. पण ज्याला द्याल त्यालाही हीच मोकळीक द्या, आणि ही फाइल, त्यातलं काढणाऱ्याचं नाव, चित्रांबरोबर ठेवा. एवढीच अट."

भागाक्का थबकल्या. "म्हणजे दारातल्या तुळशीसारखं. रोप कुणीही न्यावं. पण उद्या तुझ्या दारात कुणी रोप मागायला आलं तर तुला नाही म्हणता यायचं नाही. आणि कुंडीवरची पाटी काढायची नाही."

"तेच की. आणि कुणीतरी पाटीच काढली."

पुण्याचे मधुकरराव हे सॉफ्टवेअर विकत घ्यायला आले होते. सोमवारी त्यांनी कुठल्याशा परदेशी साइटवर तीच चित्रं पाहिली आणि विचारलं, ही तुमची नव्हेत, मग परवाना कुठं आहे? फोल्डर उघडलं तर फाइल नाही, त्यांना दिलेल्या सीडीतही नाही. सीडी केलेली योगितानं.

"श्रीवत्स सर म्हणाले, आज संध्याकाळी मधुकरराव परत येतील. त्याच्या आत 'फाइल माझ्याकडून पुसली गेली' म्हणून सही दे आणि उद्यापासून येऊ नको." योगितानं ओढणीचं टोक पिळलं. "सही दिली तर हुबळीत दुसरं कोण ठेवून घेणार मला? गावी परत जायचं. अप्पा तर वाटच बघायलाय, स्थळ आणून ठेवलंय."

"केलीस सही?"

"नाही."

"मग चप्पल घाल."

दारातून बाहेर पडताना योगिता घुटमळली. "अक्का, ती फाइल मी शनिवारी संध्याकाळी फोल्डरमध्ये डोळ्यांनी बघितलीय, उघडली तेवढी नाही. सोमवारी सकाळी आत न बघताच सीडी केली, ती माझी चूक. रविवारी ऑफिस बंद होतं. किल्ल्या चौघांकडे आहेत, माझ्याकडे नाही."

"आणि संगणक सांगत नाही कुणी पुसलं ते?"

"सगळ्यांना एकच परवलीचा शब्द आहे ओ. संगणकाला आम्ही सगळी एकच माणूस."

२

दोन हजार सहाचा एप्रिल. हुबळीच्या वाटेवर रायापूर मागं पडलं तरी बसमध्ये वारा थांबेना, तापलेला, धुळीनं भरलेला, कुणाचा तरी निरोप घेऊन निघाल्यासारखा घाईचा. उणकलचं तळंही त्या दिवशी स्वस्थ नव्हतं. तळ्याच्या बाजूला नवी घरं उठली होती, त्यातल्या एकात खाली मालक श्रीवत्सांचं बिऱ्हाड, वरच्या मजल्यावर कंपनी. वीज गेलेली. कोपऱ्यातला यूपीएस भुकेल्या पिल्लासारखा टीं-टीं करत होता.

"बर्री अक्का, कूड्री," श्रीवत्स म्हणाले. चाळिशीचा, देखणा, झोप न झालेला माणूस. भागाक्का काही बसल्या नाहीत.

"पोरीला काढून टाकायची इतकी घाई?"

"घाई मला नाही, पुण्याला आहे. त्यांना उत्तर पाहिजे. चुकून पुसलं गेलं म्हटलं की विषय संपतो." त्यांनी पेन उघडलं, मिटलं. "अक्का, खरं सांगू? ती फाइल होती हेच मला सोमवारी कळलं. आणि रात्रभर मी तो परवाना नेटवर पुन्हापुन्हा वाचला. त्यात लिहिलंय, याच्यावरून जे घडवाल तेही असंच खुलं करा. उद्या कुणी म्हणालं, आमची चित्रं लावलीस ना, मग तुझा अख्खा प्रोग्रॅम उघड कर! हे माझं उभ्या तारुण्याचं काम आहे."

"म्हणजे फाइल नसलेली तुम्हाला बरी."

"हौदु, होय, बरी," श्रीवत्स कडवट हसले. "पण मी पुसायची म्हटलं असतं तर चित्रंसुद्धा ठेवली नसती. चोरीचा बैल ठेवून नुसती वेसण कोण फेकतं हो?"

उत्तर भागाक्कांना आवडलं. आवडलं म्हणून त्यांनी ते जरा बाजूला ठेवलं.

एवढ्यात श्रीवत्सांची बायको चहा घेऊन आली. जयलक्ष्मी. कंपनीत भागीदार, सगळा कारभार तिच्याकडे. कंपनी दोघांनीच सुरू केली तेव्हा पडद्यांची मांडणीही तीच करायची; मुलं झाल्यावर ते सुटलं. भागाक्कांनी आपलं कार्ड पुढं केलं. जयलक्ष्मीनं ते वाचलं, उलटं केलं, कोऱ्या बाजूवरून बोट फिरवलं.

"मागं काही नाही शोधायचं," भागाक्का हसून म्हणाल्या. "मी एकाच बाजूनं वकील."

"सवय आहे अक्का," ती ओशाळली. "साडी घेताना पण दुकानदार चिडतो. मला आधी मागची बाजू बघावी लागते."

"योगितानं पुसली असेल फाइल?"

जयलक्ष्मीनं चहाचा ट्रे उगाच सरळ केला. "ती... लहान आहे. होतं असं चुकून. सही दिली तरी मी तिला दुसरीकडे लावून देईन, माझा शब्द आहे."

तीन कप चहा होता. एक तिनं घेतला आणि न पिताच परत नेला.

३

नेत्रा कंपनीची चित्रकार. कानांत मोठे झुमके, जिभेवर मिरची.

"माझ्यावर संशय घ्या की," तिनं स्वतःच सुरुवात केली. "पुण्याच्या माणसाला मी म्हटलंच होतं, चित्रं माझी आहेत म्हणून."

"होती?"

"अर्धी! मूळ चित्रं काळ्या रेघांची. मी रंग भरले. इरकलीचा तांबडा, तो निळा. परवान्यात लिहिलंय ना, बदला आणि बदलणाऱ्याचं नाव जोडा? मग मी जोडलं. त्या फाइलीत शेवटची ओळ होती, 'रंग: नेत्रा'." तिचा आवाज एकदम खाली आला. "अक्का, सात ठिकाणी नोकरी केली, कुठं कुणी माझं नाव लिहिलं नाही. त्या एका फाइलीत होतं. ती पुसायला मला काय वेड लागलंय?"

भागाक्का वळल्या ते मंजुनाथकडे. हा प्रोग्रॅमर, दाढी वाढवलेला, खुल्या सॉफ्टवेअरचं नाव काढलं की भजनाला बसल्यासारखा डोलणारा. चित्रं आणली त्यानं. उलटलं तर दोष त्याच्या माथी येणार होता.

"मी फाइल पुसणं म्हणजे पुजाऱ्यानं मूर्ती विकणं," तो तडकला. "आणि भ्यालो असतो तर हे पण पुसलं असतं की! बघा." त्यानं दुसरं फोल्डर उघडलं. "हे कन्नड अक्षरांचे फॉन्ट. हेही नेटवरचे, परवाना तोच, फाइल इथंच आहे. हिला कुणी हात लावलेला नाही."

भागाक्कांचा पाय हलायचा थांबला. योगितानं ते पाहिलं. असं क्वचित व्हायचं.

"पुन्हा सांग. दोन फोल्डर, दोन्हींत एकच परवाना, दोन फायली. गेली एकच."

"हो."

"त्या गेलेल्या फाइलीत असं काय होतं जे या फाइलीत नाही?"

मंजुनाथनं दाढी खाजवली. "परवाना शब्दाला शब्द तोच. फक्त... खाली एका ओळीत काढणाऱ्याचं नाव होतं. पण ते कुणालाच माहीत नाही."

"का?"

"कन्नडमध्ये लिहिलेलं होतं. आमच्या जुन्या मशीनवर कन्नड अक्षरं दिसायचीच नाहीत. नुसते चौकोन. दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी त्या जागी चौकोनच बघितले. परदेशी साइटवर नुसती चित्रं आहेत, तिथंही नाव नाही, 'सुई' असं टोपणनाव आहे. मूळ संच आपल्या हुबळीतल्याच लिनक्स मंडळाच्या, म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरच्या हौशी लोकांच्या, पानावर होता. ते पान बंद पडलं. म्हणून आता उतरवूनही घेता येत नाही."

"आणि हे कन्नड फॉन्ट कधी आले?"

उत्तर योगितानं दिलं, घाबरत. "शनिवारी. मीच घातले, नव्या मशीनवर. मॅडमना म्हटलं पण, की आता सगळीकडे कन्नड नीट दिसेल म्हणून."

"ऐकायला कोण कोण होतं?"

"सगळेच होते की अक्का. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

भागाक्का खिडकीशी गेल्या. तळ्यावर वारा उलटसुलट रेघा ओढत होता. शनिवारी चौकोनांचं नाव होणार हे कळलं, आणि रविवारी नाव गेलं. मग एक साधी गोष्ट उरत होती. ज्याला ते नाव वाचताच आलं नव्हतं, तो ते पुसायची तळमळ कशाला करेल? पुसणाऱ्याला ते चौकोन होते तेव्हापासूनच माहीत होतं, आत कुणाचं नाव आहे ते.

४

"ही चित्रं काढतात कशी?" भागाक्कांनी विचारलं. यूपीएसचं पिल्लू गप्प झालं होतं. वीज आली होती.

"ही फोटोसारखी नसतात अक्का," मंजुनाथ म्हणाला. "फाइलीत नुसत्या सूचना असतात. इथं पेन टेक, तिथवर रेघ ओढ, उचल, पुढं जा. काढणाऱ्यानं ज्या क्रमानं काढलं तोच क्रम आत राहतो."

"मग वृंदावन माझ्यासमोर काढून दाखव. एकेक रेघ. सावकाश."

आधी त्यांनी नेत्राला कोऱ्या पडद्यावर वृंदावन काढायला लावलं. नेत्रानं एका दमात बाहेरची चौकट ओढली, मग आतली कमान, मग पानं. कुणीही तसंच काढलं असतं. नंतर मंजुनाथनं 'तुळस' संचातलं वृंदावन सुरू केलं.

पडद्यावर एक बारीक रेघ उमटली. पुढं तेवढीच जागा रिकामी. मग रेघ. मग रिकामी जागा. रेघ, जागा, रेघ, जागा, अशी ती तुटक वाट पायथ्यापासून निघाली, पायऱ्या चढली, कमानीवरून वळली, शेंड्याला पोचली. नेत्रा म्हणाली, "बिघडलेलं दिसतंय की काहीतरी."

"थांब," भागाक्का कुजबुजल्या.

शेंड्यावरून रेघ माघारी फिरली. त्याच वाटेनं. आणि जाताना सोडलेलं एकेक घर भरत भरत खाली आली, जिथून निघाली होती त्याच टोकाला येऊन टेकली. वृंदावन पुरं झालं.

भागाक्कांच्या डोळ्यांपुढं आत्याचं माजघर उभं राहिलं. काळ्या चंद्रकळेवर कसुतीची नक्षी भरणारी आत्या, आणि तिच्या पुढ्यात चुळबुळणारी परकरी भागा. गवंतीचा टाका. जाताना एक घर सोडायचं, येताना ते भरायचं. म्हणजे कापडाची पुढची बाजू आणि मागची बाजू अगदी एकसारखी. गाठ म्हणून मारायची नाही. भागा घाईनं गाठ मारायची, आणि आत्या कापड उलटं करून ती बरोबर शोधायची. मारायची नाही, नुसती गुणगुणायची:

जाता जाता सुईबाई सोडी एक एक घर,
येता येता भरी सारे, मागं पुढं एकसर.

"संगणकाला मागची बाजू असते का रे?" त्यांनी विचारलं.

मंजुनाथ हसला. "पडद्याला कसली मागची बाजू?"

"मग इतक्या लांबच्या वाटेनं जायचं काही कारण नाही. सरळ ओढली तरी रेघ तीच. हे केलंय सवयीनं. या हातानं आधी सुई धरली, मग माउस." त्या वळल्या. "नेत्रा, तू कसुती भरतेस?"

"मला बटण लावता येत नाही."

"मंजुनाथ, नेटवर तुमच्या मंडळींना लिहिता येतं ना, जगभरच्या? लिही. 'तुळस' संच ज्याच्याकडे असेल त्यानं सगळा, होता तसा पाठवावा. ज्यांनी ज्यांनी रोप नेलं, त्यातल्या एकाच्या तरी कुंडीवर पाटी शाबूत असेल."

हे त्या मुद्दाम मोठ्यानं बोलल्या. पलीकडच्या खोलीत कुणाच्या तरी हातून चमचा पडला.

५

जयलक्ष्मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होती. वारा तिच्या हातातून टॉवेल ओढत होता. भागाक्का तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, एक टॉवेल धरला, घडी घातली.

"आईचं नाव काय तुझ्या?"

जयलक्ष्मीनं वळूनही पाहिलं नाही. तिनं दोरीवरचा आणखी एक चिमटा काढला. मग ती म्हणाली, "गंगव्वा. नवलगुंदची."

"नक्षी तिची?"

"सगळी. मी नुसती पडद्यावर उतरवली. रविवारी लिनक्स मंडळाला जायची, तिथंच शिकले. घरी सांगायची, मैत्रिणीकडे जाते." तिनं टॉवेल छातीशी धरला. "अव्वानं एक रथ बसवला होता अक्का, तसा कुणाला जमत नव्हता. एका व्यापाऱ्यानं तो छापून घेतला साड्यांवर. आणि बाजारात तिलाच म्हणाला, ही नक्षी आमच्या दुकानाची आहे, तू भरू नको. ती भांडली नाही. पण मरेपर्यंत तिनं परत रथ भरला नाही. मला हा परवाना कळला तेव्हा मी वाचत बसले आणि रडत बसले. घेईल त्यानं घ्यावं, पण पुढं कुणाला अडवायचं नाही! असा कागद तेव्हा असता तर."

"मग मंजुनाथनं तीच चित्रं तुझ्या घरात आणली."

"मला हसावं की पळावं कळेना. पण तिथं चौकोन होते. कुणाला दिसत नव्हतं." ती एकदम भागाक्कांकडे वळली. "यांना नाव कळलं असतं तर हे आनंदानं नाचले असते. आमच्या भागीदारीच्या कागदात आहे, दोघांनी जे केलं ते कंपनीचं. हे म्हणाले असते, अगं मग चिंता कसली, पुण्याला लिहून देऊन टाक! आणि यांच्या तोंडावर मला नाही म्हणता येत नाही. आजवर आलेलं नाही. अव्वाचा रथ पुन्हा एकदा दुकानाचा झाला असता. म्हणून नाव पुसलं. वाटलं, कोण शोधतंय?"

"आणि पोर?"

जयलक्ष्मीचा चेहरा मिटला. "मी तिला दुसरीकडे लावून देणार होते."

"पुढून नीट दिसावं म्हणून मागं गाठ मारलीस," भागाक्का म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता, पण हळवाही नव्हता. "तुझी आई कापड उलटं करून बघायची ना? आता तू बघ. मागं ती योगिता लोंबतेय."

खाली मोटार थांबल्याचा आवाज आला. मधुकरराव.

"मी वकील म्हणून दोन गोष्टी सांगते," भागाक्का घाईनं बोलू लागल्या. "पहिली. जे एकदा या परवान्यानं दिलं ते दिलं. तू उद्या कुणाला काहीही लिहून दे, ज्यांच्या हातात रोप गेलंय त्यांच्याकडून ते परत घेता येत नाही. रथ सुटलाय, बाई. आता त्याला कुणी दुकानात कोंडू शकत नाही. आणि दुसरी. ती पाटी काढायची मनाई सगळ्या जगाला आहे, फक्त एका माणसाला नाही: जिनं ती लावली तिला. तू चोरी केलेली नाहीस. खाली जाऊन खरं बोललीस तर कुणाचाच गुन्हा उरत नाही. गप्प बसलीस तर मात्र एक उरतो, आणि तो कुठल्या परवान्यात बसत नाही."

त्या जिना उतरल्या. मागं पावलं वाजतात का, ते त्यांनी थांबून ऐकलं नाही.

६

टेबलावर कागद टाइप करून ठेवला होता. योगितासमोर. शेजारी पेन.

मधुकरराव घाम पुसत बसले. "झालं का निराकरण?"

"होतंय," भागाक्का म्हणाल्या. "मंजुनाथ, ते चित्रांचं फोल्डर बाजूला कर, आणि सॉफ्टवेअर चालू कर."

"अक्का!" श्रीवत्स ओरडले.

सॉफ्टवेअर चालू झालं. मोर नाही, रथ नाही. करड्या कोऱ्या बटणांवर नुसती अक्षरं. पण पुस्तक शोधलं गेलं, सभासद नोंदला गेला.

"बघा. चित्रं अंगावरच्या साडीसारखी आहेत, हाडामांसाची नाहीत. साडीची अट साडीला. माझ्या वाचण्यात तरी ती तुमच्या प्रोग्रॅमपर्यंत पोचत नाही. कुठल्या कोर्टानं असं सांगितलेलं मी पाहिलेलं नाही, पण वकीलपत्र दिलंत तर मी उभी राहून हेच मांडीन. तुम्ही प्रोग्रॅम विका. चित्रं तेवढी मोकळी ठेवा, पाटीसकट."

"पाटी आहे कुठं?" मधुकररावांनी विचारलं. "मला परवान्याची अडचण नाही हो. लपवाछपवीची आहे. पुसली कुणी?"

खोलीत यूपीएस पुन्हा टीं-टीं करू लागला. योगितानं पेन उचललं, खाली ठेवलं. सगळ्यांची नजर तिच्याकडे.

"मी," दारातून आवाज आला.

जयलक्ष्मीच्या केसांत अजून गच्चीवरचा वारा होता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही; पाहिलं असतं तर बहुधा बोलता आलं नसतं. खाली जमिनीकडे बघत, धागे मोजल्यासारखं एकेक वाक्य तिनं सांगितलं. आईचं. रथाचं. रविवारचं. आणि शेवटी, "आता हे कुणाला लिहून द्यायला मला सांगू नका. मी देणार नाही."

श्रीवत्सांनी पेन उघडलं. मिटलं. मग फार विचित्र आवाजात म्हणाले, "मैत्रिणीकडे जात होतीस म्हणून मी दर रविवारी पोरांना सांभाळत होतो. मला वाटायचं, तुला आमचा कंटाळा आलाय."

जयलक्ष्मी पुढं आली, योगितासमोरचा कागद तिनं उचलला, सवयीनं उलटा केला. मागची बाजू कोरी.

"मला माफ कर," ती म्हणाली.

"मॅडम," योगितानं विचारलं, "मी सही केली असती तर?"

जयलक्ष्मीनं हातातल्या कागदाकडे पाहिलं. तिनं कागद फाडला. एकदा, दोनदा, मग तुकडे मुठीत धरून तशीच उभी राहिली. योगितानं मान हलवली नाही की हात पुढं केला नाही. पण खुर्चीवरून उठलीही नाही. ती खुर्ची तिची होती.

"आली!" मंजुनाथ किंचाळला. "कुणीतरी पाठवली. ब्राझीलमधून. तिथल्या एका शाळेतला मास्तर आहे!"

"तू लाव," भागाक्का योगिताला म्हणाल्या. "तुझ्या हातानं, जिथली तिथं."

योगितानं फाइल जागेवर ठेवली आणि उघडली. वर परवाना, शब्दाला शब्द तोच. खाली, जिथं दोन वर्षं चौकोन होते तिथं, गोल गोल, स्वच्छ कन्नड अक्षरं. श्रीवत्स वाकले आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं, "मूळ नक्षी: गंगव्वा, नवलगुंद." सासूचं नाव त्यांनी एवढ्या सावकाश कधी घेतलं नसेल.

"आणि माझी ओळ?" नेत्रा पुढं घुसली. "ही जुनी प्रत आहे, यात माझं नाव नाही! लिही गं, 'रंग: नेत्रा'."

"थांब की, खाली अजून काहीतरी आहे," योगिता म्हणाली आणि पान सरकवू लागली.

गंगव्वाच्या नावाखाली नावं होती. मास्तरांनी हत्तीला घंटा बांधली होती, त्यांचं नाव. त्यांच्याआधी केरळातल्या कुणीतरी मोराचा पिसारा मोठा केला होता. आणखी कुणी, कुठल्याशा थंड देशातलं, कुणाला नीट वाचताही येईना असं नाव, पाळण्याला दोरी जोडणारं. एकाखाली एक, न भेटलेली माणसं, नवलगुंदच्या एका बाईच्या मागं ओळीनं उभी.

जयलक्ष्मी जवळ आली. मुठीतले तुकडे तिनं टेबलावर ठेवले आणि पडद्यावर, फाइलीबरोबर आलेल्या चित्रांतल्या रथावर बोट टेकवलं. रथाला कुणीतरी एक चाक वाढवलं होतं.

"अव्वानं तीनच काढली होती," ती म्हणाली. "पळतोय बघा आता."

भागाक्का खुर्चीत बसल्या होत्या. कधी बसल्या, ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.